लोखंड न ऐकणारं मशीन

नजीरभाईला काहीही विचारा, आधी 'बघू' म्हणणार. चहा घेणार का? बघू. मोटार उद्या मिळेल का? बघू. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं भांड्यांचं दुकान, त्याचं मोटार वाइंडिंगचं, मध्ये एकच भिंत. इतकी वर्षं त्या भिंतीपलीकडून हा 'बघू' ऐकतोय आणि इतकी वर्षं माझं डोकं फिरतंय. मी वीरण्णा. मला सगळं आत्ताच्या आत्ता लागतं. आमच्या हिला विचारा, ती जास्त सांगेल.

पण नजीरभाईबद्दल सांगायचं तर त्या मशीनपासूनच सांगावं लागतं.

त्र्याण्णवला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो पंचविशीचा होता. सकाळी गोलाईतून पाव-बिस्किटांचा टेम्पो किल्लारीकडं निघाला, त्यात हा चढला. संध्याकाळी येतो म्हणून बायकोला, रहमतबीला, सांगून गेला आणि पंधरवड्यानं परत आला. दाढी वाढलेली, हाताची नखं गेलेली. मग एकदा मला म्हणाला, "अण्णा, माणसं काढून झाली की लोक सामान मागतात. इथं माझी पेटी होती, इथं पोरीचे वाळे होते. आपण कुठं उकरायचं? दगडाच्या ढिगात चूल कुठं अन् उंबरा कुठं, काय कळतंय?"

तेवढं बोलला आणि कामाला लागला. मोडक्या रेडिओतलं सामान काढलं, पीठ चाळायच्या चाळणीच्या कड्यावर तांब्याची तार गुंडाळली, त्याला एक काठी लावली आणि कानाला हेडफोन. जमिनीखाली धातू असला की ते मशीन कुंई करायचं. गल्लीतली पोरं त्याला भूत पकडायचं मशीन म्हणायची. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू. पण त्या चाळणीनं किती लोकांच्या वस्तू काढून दिल्या. मंगळसूत्राची वाटी काढली, देवघरातला टाक काढला, एका म्हाताऱ्याचा अडकित्ता काढला. म्हातारा तो अडकित्ता छातीशी धरून रडला म्हणे. भूकंपाच्या गावच्या माणसाकडून नजीरभाईनं कधी चहाशिवाय काही घेतलं नाही, आणि चहासुद्धा 'बघू' म्हणूनच.

पुढं लातूर बदललं. आमच्या पोरांचे बोर्डात नंबर यायला लागले आणि चहूकडून पोरं शिकायला इकडं यायला लागली. ज्याच्या त्याच्या घरावर एक मजला चढला, वर पत्रे ठोकून खोल्या निघाल्या, गल्लीगल्लीत क्लास आणि मेस. नजीरभाईला हॉस्टेलच्या पाण्याच्या मोटारी पुरेनात. मीही वर एक मजला चढवला. त्यातल्या एका खोलीत सिद्धम्मा राहायला आली.

किल्लारीजवळच्या एका लहान गावची ही म्हातारी. नात अकरावी-बारावीला लातुरात, म्हणून स्टोव्ह आणि चार भांडी घेऊन तिला करून घालायला आली होती. तशा लई आज्या आणि आया येतात. नातीचं नाव अक्षरा. आजीला ती अव्वा म्हणायची. पोरगी हुशार, पण तोंड मिटलेलं. येता-जाता 'काका' एवढंच, आणि चालताना एक हात नेहमी गळ्याशी. गळ्यात काय, तर आमचं लिंग, चांदीच्या डबीतलं. आम्ही लिंगायत. ते गळ्यातून कधी उतरवायचं नसतं.

दोन हजार अकराच्या पावसाळ्यात पोरीला नागपूरला डॉक्टरकीला जागा मिळाली. सिद्धम्मानं गल्लीभर पेढे वाटले. मग माझ्या दुकानात आली, घागरींच्या मधल्या स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. नजीरभाई तेव्हा माझ्याच दुकानात पेढा खात उभा होता. त्याचा हात तसाच थांबला.

"वीरण्णा," ती म्हणाली, "आता ही लांब चालली. आता न्हाई तर कधीच न्हाई. माझ्या लेकीचं लिंग तिला परत द्यायचंय मला."

ही गोष्ट मला अर्धीमुर्धी ठाऊक होती. पूर्ण त्या दिवशी कळली.

आमच्यात पोटातल्या लेकरालाही लिंग असतं. आठव्या महिन्यात स्वामी येऊन लिंग देतात, आई ते आपल्या दंडाला बांधते. लेकरू जन्मलं की ते पाळण्याला बांधायचं आणि थोडं मोठं झालं की त्याच्या गळ्यात. मग ते त्या माणसाचं. मेल्यावरसुद्धा ते हातात देऊन माणसाला मातीत बसवतात. बसवतात म्हणजे खरंच बसवतात, आमच्यात आडवं पुरत नाहीत.

सिद्धम्माची लेक महादेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अक्षरा झाली, बारसं झालं, लिंगाची डबी पाळण्याला बांधली. भूकंपाच्या त्या पहाटे पोर किरकिर करत होती म्हणून सिद्धम्मा तिला मांडीवर घेऊन अंगणात बसली होती. महादेवी आत झोपलेली. माळवदाचं घर, हातभर जाडीच्या दगडी भिंती. अंगणातल्या दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी महादेवीला बाहेर काढलं. पाळणा मात्र दगडाखालीच राहिला आणि त्याला बांधलेलं पोरीचं लिंगही. सिद्धम्माचं डोकं ठिकाणावर नव्हतं. लेकरू बिनालिंगाचं कसं ठेवायचं, एवढंच तिच्या मनात. तिनं मेलेल्या लेकीच्या गळ्यातलं लिंग काढलं आणि नातीच्या गळ्यात बांधलं. तेवढ्यात माणसं आली आणि महादेवीला उचलून घेऊन गेली. सगळ्यांना एकाच ठिकाणी अग्नी दिला होता तेव्हा. मातीत बसवायला कुणाला उसंत होती आणि कुठं जागा होती? महादेवी गेली ती लिंगाशिवाय गेली.

"पुढं स्वामी म्हणाले, पोरीला नवीन लिंग देतो, हे मातीत दे," सिद्धम्मा म्हणाली. "मी म्हणलं, न्हाई. पोरीचं लिंग एकच, तिच्या आईनं दंडावर वागवलेलं. ते सापडू दे, ते पोरीला बांधते, मग लेकीचं लेकीला. लई हट्ट केला मी. तवापासून माझी लेक रिकाम्या हातानं उभी हाय, वीरण्णा. मला दिसती ती."

मी भांड्यांकडं बघत बसलो. मला असलं सहन होत नाही. नजीरभाई म्हणाला, "मावशी, घराची जागा दाखवाल का?" पहिल्यांदाच असं झालं की तो 'बघू' म्हणाला नाही.

पण जायचं कशावर? चाळणीचं मशीन आदल्या वर्षी पत्र्यातून पाणी गळून भिजलं होतं, ते मुकं होऊन पडलेलं. नवीन घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नांदेडला नरसिंग म्हणून एक जण अशी मशीनं विकतो असं कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीत बसलो.

नरसिंग बोलायला गोड, तेलुगू हेल काढून मराठी बोलायचा. त्यानं टेबलावर दोन मशीनं ठेवली. एक साधं, एकच खटका. खाली कुठलाही धातू असो, एकच आवाज. दुसरं भारी. त्याला काचेचा पडदा, आकडे, चार बटणं. चांदीला वेगळा आवाज, तांब्याला वेगळा, आणि एक बटण असं की ते दाबलं की मशीन लोखंड ऐकतच नाही. नरसिंगनं पुठ्ठ्याखाली खिळा ठेवला, भारी मशीन गप्प. शेजारी चांदीचं जोडवं ठेवलं, टिंग वाजलं. मी तिथंच ठरवून टाकलं.

नजीरभाई मात्र साधं मशीन कानाला लावून फिरवतोय, फिरवतोय. म्हणाला, "हे बरंय. हे म्हणतं खाली काहीतरी हाय. काय हाय ते आपण उकरून बघायचं."

"उकरून?" माझं डोकं सटकलं. "पडलेल्या घरात खिळे किती, पत्रे किती, बिजागऱ्या किती? प्रत्येक खिळ्याला खड्डा करत बसशील तर ती पोरगी डॉक्टर होऊन परत येईल. मुकाट्यानं भारी घे."

"बघू," तो म्हणाला.

"बघू-बिघू काही न्हाई. मी खिशात हात घालतोय." आणि घातला. नरसिंग म्हणाला, "न्हाई पटलं तर आठ दिवसांत आणा, साधं देतो." हे तो नजीरभाईकडं बघून म्हणाला, माझ्याकडं नाही. मला तेही आवडलं नाही.

जीप केली. नजीरभाई, मी, सिद्धम्मा आणि अक्षरा. जुनं गाव म्हणजे आता बाभळीचं रान. पाऊस पडून गेलेला, गवत कमरेएवढं. नवीन गाव रस्त्याच्या त्या बाजूला, तिथं शाळा, टाकी, ऊस, सगळं. इकडं नुसते दगड. सिद्धम्मानं पडक्या देवळाची पायरी शोधली, तिथून मोजल्यासारखी चालत आली आणि एका ढिगाशी थांबून म्हणाली, "हा उंबरा. ही पडवी. आत डाव्या हाताला महादेवीची खोली."

नजीरभाईनं लोखंडाचं बटण दाबलं आणि मशीन फिरवायला लागला. मी कुदळ घेऊन तयार. सिद्धम्मा दगडावर बसून बोलत होती. बोलली की तिला बरं वाटतं. पाळणा शिसवी होता, सासऱ्यानं केलेला. आढ्याच्या कडीला चार लोखंडी साखळ्यांनी टांगलेला, झोका दिला की साखळ्या करकर वाजायच्या आणि महादेवी म्हणायची की तेल घालायला पाहिजे. अक्षरा थोडी लांब उभी होती. हात गळ्याशी.

दिवसभर फिरलो. मशीन एकदा टिंग वाजलं, पितळी झाकण निघालं. पुन्हा वाजलं, निजामाच्या वेळचा एक पैसा. त्याखेरीज सगळं शांत. उन्हं उतरली तरी काही नाही. सिद्धम्मा उठली, लुगड्याची माती झटकली. "जाऊ द्या," म्हणाली, "तिच्या नशिबात न्हाई." जीप परत फिरली. मी घरी पोचेपर्यंत त्या मशीनला, नरसिंगला आणि नांदेडच्या एसटीलाही शिव्या देत होतो. मनातल्या मनात, म्हातारी होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी नजीरभाईला म्हणालो, "चल, परत करू हे डबडं. तुझं साधंच बरं होतं." तो एका मोटारीच्या स्टेटरमध्ये तार भरत होता. म्हणाला, "राहू दे दोन दिवस."

"दोन दिवसांनी काय होणार हाय?"

"बघू."

मला इतका राग आला की मी दुपारचा चहा त्याला न विचारता एकट्यानं प्यायलो.

दोन दिवसांनी संध्याकाळी अक्षरा खाली आली. माझ्या दुकानात नाही, नजीरभाईच्या. मी भिंतीअलीकडं डबे रचत होतो, सगळं ऐकू येत होतं. आधी स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चाचा, त्या दिवशी तुम्ही लोखंडाचं बटण दाबलं होतं."

"हाव."

"अव्वा म्हणत होती, पाळण्याच्या साखळ्या लोखंडाच्या होत्या. डबी पाळण्याला बांधलेली. मशीन साखळ्या ऐकत नव्हतं, आणि साखळ्यांच्या ढिगात बारकी डबी पण दबून जाणार. आधी लोखंडच शोधायला पाहिजे ना? मला तिथंच लक्षात आलं होतं." तिचा आवाज चिरका झाला. "मी मुद्दाम बोलले नाही. ते सापडलं तर अव्वा हे काढून घेईल. माझ्याकडं आईचं दुसरं काहीच नाही, चाचा. फोटोसुद्धा नाही."

मी डबा हातात धरून तसाच उभा. आता नजीरभाई काय म्हणतो म्हणून कान लावला.

"मला पण तिथंच लक्षात आलं होतं, बेटा," तो म्हणाला.

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"हे लिंग एकदा न विचारता काढलंय. तुझी आई काही बोलू शकत नव्हती आणि तुझ्या आजीचं भान गेलेलं. कुणाचा दोष न्हाई. पण परत एकदा न विचारता काढायचं न्हाई. ते तुझ्या गळ्यात हाय. तू म्हणशील तवा जाऊ. न्हाई म्हणलीस तरी तुला वाईट म्हणणारा मी कोण?"

आता बोला. दोघांनाही ठाऊक, आणि गल्लीत मी एकटाच त्या बिचाऱ्या मशीनला शिव्या घालत बसलेला. मी तरातरा भिंतीला वळसा घालून त्याच्या दुकानात गेलो, भांडायलाच. पण पोरगी रडत होती आणि नजीरभाई तिच्यापुढं पाण्याचा ग्लास धरून उभा होता. भांडण तसंच गिळून मी तिच्यासाठी चहा सांगितला. असं माझं फार कमी वेळा होतं.

पोरगी डोळे पुसून म्हणाली, "उद्या जाऊ."

सकाळी परत त्याच जागी. या वेळी नजीरभाईनं लोखंडाचं बटण मोकळं केलं. बाप रे, काय ते मशीन ओरडायला लागलं. खिळा, बिजागरी, पत्रा, पहारीचा तुकडा, पावलापावलाला कुंई. मी म्हणालो, हेच मी नांदेडला सांगत होतो. तो म्हणाला, "ओरडू दे." खिळ्याचा आवाज तुटक आणि बारीक असतो. त्याला लांब, ताणलेला आवाज पाहिजे होता. डाव्या हाताच्या खोलीत, भिंतीचे दगड जिथं आतल्या बाजूला कोसळले होते, तिथं तो थांबला. मशीन एका रेघेत बोलत होतं. त्यानं हेडफोन अक्षराच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली, मग तिनंच कुदळ उचलली.

दगड हलवायला नवीन गावातली दोन माणसं बोलावली. दुपार झाली. मातीतून आधी एक गंजलेली कडी आली, मग तिच्यामागून साखळी. तिच्यात गुरफटलेली दुसरी. लाकडाचं नुसतं काळं भुसकट झालेलं. साखळ्या बाजूला काढल्यावर नजीरभाईनं पुन्हा लोखंडाचं बटण दाबलं. मशीन शांत झालं. त्यानं ते त्या मातीवरून अलगद फिरवलं आणि ते टिंग वाजलं, स्वच्छ. तो मागं सरकला. म्हणाला, "आता मी हात लावणार न्हाई. अक्षरा, तू काढ."

पोरीनं बोटांनी माती सारली. डबी काळी पडलेली, एका बाजूनं चेपलेली. सिद्धम्मा तिच्याजवळ आली, पण बसवेना म्हणून मी दंडाला धरून बसवली. अक्षरानं चेपलेलं झाकण दाताखाली धरून उचकटलं.

आत लिंग होतं. आणि त्याच्याभोवती कापडाचा एक चिमूटभर तुकडा. कडा कुजलेल्या, पण मधली घडी उलगडली तर हिरवा रंग अजून दिसत होता.

सिद्धम्मानं तो तुकडा बोटावर घेतला. "हे महादेवीनं घातलंय," ती म्हणाली. "डबी जरा मोठी झाली होती. लिंग आत हलायचं, लेकरू दचकून जागं व्हायचं. म्हणून ओटीच्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला तिनं. नवं लुगडं. मी लई बोलले तिला, नवं लुगडं फाडलंस म्हणून. मी विसरूनच गेले होते."

अक्षरा त्या तुकड्याकडं बघत राहिली. मग त्याची तशीच घडी घातली, लिंग त्यात ठेवलं, डबी मिटली. दोरा सिद्धम्मानं घरून आणला होता. पोरीनं डबी आपल्या गळ्यात बांधली आणि जुना दोरा आपल्याच हातानं सोडला. इतकी वर्षं गळ्यातलं ते लिंग तिनं क्षणभर दोन्ही डोळ्यांना लावलं आणि आजीच्या तळहातावर ठेवलं.

"अव्वा," ती म्हणाली, "आईला दे."

आता सिद्धम्माचीच मूठ उघडेना. ज्यासाठी आयुष्यभर जीव टांगणीला लावला होता ते हातात आलं आणि म्हातारीला ते सोडवेना. अक्षरानं तिचा हात धरून त्या खड्ड्यापर्यंत नेला. दोघींनी मिळून लिंग खाली ठेवलं. सिद्धम्मा अगदी हळू बोलत होती, पण मला ऐकू आलं. "महादेवी, लेकराचं लेकराला मिळालं बघ. तुझं तू घे, माय. लई उशीर केला मी."

मी माती लोटली, पोरीनं लोटली, त्या दोन माणसांनी लोटली. नजीरभाई मशीन बंद करून बाभळीपाशी लांब उभा होता. सिद्धम्मानं मान वळवून त्याला हाक मारली.

"नजीर, तिकडं काय उभा राहिलास? तुमच्यात पण माती देतात न्हवं?"

"देतात मावशी."

"मग ये. त्या दिवशी तिला कुणी माती दिली न्हाई. तू पण दे."

तो आला. गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी माती उचलली आणि तीन वेळा घातली, त्यांच्यात घालतात तशी. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि तो पुसतही नव्हता. सिद्धम्मानं वरून हात फिरवून माती सारखी केली. मग माझ्या हाताला धरून उठली आणि त्या जागेकडं बघून म्हणाली,

"बसली. इतकी वर्सं उभी होती माझी लेक. आता बसली."